2018 ची वापरलेली पिकअप घ्यावी का? भरवसा आणि वर्षाचा खर्च कसा तपासावा?

सासवडचा बागायतदार (प्रश्न)

नमस्कार. सासवडजवळ आमची अंजीर आणि सीताफळाची बाग आहे. माल भाड्याच्या गाडीने दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. ऐन हंगामात पहाटे गाडी मिळेलच याची खात्री नसते, आणि पिकलेले अंजीर एक दिवसही थांबत नाही. त्यामुळे स्वतःची पिकअप घ्यावी असे घरात ठरत आले आहे. भोसरीत एक बोलेरो पिकअप पाहिली. 2018 चे मॉडेल, बीएस-४ डिझेल, दुसरा मालक, मीटरवर 1 लाख 10 हजार किलोमीटर आणि मागणी 4 लाख 60 हजार रुपये. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले आणि रंगही नुकताच दिलेला आहे. या गाडीचा भरवसा कसा ओळखावा आणि किमतीव्यतिरिक्त वर्षाला किती खर्च धरावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गाडी मुलगा चालवणार असून त्याच्याकडे साध्या मोटारीचाच परवाना आहे. तो चालेल का, हेही सांगावे.

घाटातला मिस्त्री

दादा, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले एवढ्यावर समाधान मानू नका. विक्रेता बहुधा तुम्ही येण्याआधी गाडी सुरू करून गरम करून ठेवतो. त्यामुळे सकाळी न कळवता जा, बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा आणि मगच सेल्फ मारायला सांगा. सुरुवातीला थोडा धूर आला तर चिंता नाही, पण निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या जोडातल्या पॅकिंगची) शंका घ्यावी. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करा. तेथून वाफेसारखा धूर जोराने येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याचा संभव मोठा आहे, आणि मग मीटरवर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

पिकअपच्या बाबतीत मात्र मी इंजिनापेक्षा चेसिसला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) अधिक महत्त्व देतो, कारण इंजिन बांधून घेता येते, पण वाळू-खडी वाहून वाकलेली चेसिस पूर्वीसारखी होत नाही. गाडी रॅम्पवर चढवून मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात तिथे टॉर्च मारून पाहा. वेल्डिंगची जाडसर रेघ, नव्या काळ्या रंगाचा एखादाच पट्टा किंवा रिव्हेटऐवजी बसवलेले नट-बोल्ट दिसले, तर त्या गाडीने क्षमतेपेक्षा जास्त ओझे वाहिले आहे हे मालकाने सांगण्याची गरज नाही. पाटेही मोजा. कंपनीने दिलेल्यापेक्षा जादा पाटा घातलेला असेल, तर तो ओव्हरलोडचा पुरावा तर आहेच, शिवाय तुमच्या मालासाठी थेट नुकसानीचा आहे. कारण अंजिराच्या टोपल्या वजनाने हलक्या असतात आणि कडक झालेली गाडी खड्ड्यात उडी मारते तेव्हा खालच्या थरातली फळे दबतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या रस्त्यामुळे लक्षात घ्यावी लागेल. तुम्ही भरलेल्या गाडीने दिवे घाट उतरणार आणि रिकाम्या गाडीने चढणार, म्हणजे तुमच्यासाठी ओढीपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. चाचणी घेताना थोडे वजन टाकून घाट उतरून पाहा. खाली आल्यावर पेडल खोल जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा लायनरचा (ब्रेकच्या घासपट्टीचा) जळका वास येत असेल, तर ड्रम, लायनर आणि सिलिंडर यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की घाटात गरम होऊन पेडल मऊ पडते. म्हणून गाडी घेतल्यावर ते पहिल्याच दिवशी बदला. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर क्लच प्लेट संपली आहे.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 3421 म्हणजे 2021 च्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर. पाचही टायर पाहा, स्टेपनीसुद्धा.

कागदपत्रांचा जाणकार, पुणे

मिस्त्रींच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे. मी कागद आणि खर्च यांबद्दल लिहितो, कारण 2018 च्या गाडीत खरा मुद्दा तिथेच आहे.

मालवाहू गाडीचे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) 8 वर्षांपर्यंत दोन वर्षांनी एकदा करावे लागते आणि त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात 8 वर्षांनंतर पर्यावरण कराचाही भार येतो. आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) पहिल्या नोंदणीची तारीख पाहा. तुम्ही घेताच गाडी ही मर्यादा ओलांडणार असेल, तर विक्रेता ती आत्ताच का काढतो आहे हे उघड आहे, आणि किंमत कमी करून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पासिंगपूर्वी रिफ्लेक्टर पट्ट्या, दिवे, रंगकाम आणि ब्रेकची किरकोळ कामे निघतात, तोही खर्च आता दरवर्षीचा होईल.

विम्याचा आकडा अनेकांना धक्का देतो. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी 2022 मध्ये ठरवलेला थर्ड पार्टी (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता 16,049 रुपये आहे, आणि कर व स्वतःच्या गाडीचे संरक्षण त्यावर वेगळे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, कारण तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. डिझेलचा हिशेब सोपा आहे. महिन्याला 1,500 किलोमीटर, लिटरला 12 किलोमीटर आणि 90 रुपये दर धरला, तर 11,250 रुपये होतात. मी स्वतः याशिवाय किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायला सांगतो. ते पैसे हाताशी नसतील तर गाडी परवडत नाही असेच समजावे.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. आरसीवर भरलेल्या गाडीचे एकूण वजन 3,000 किलोंपेक्षा जास्त असेल तर परमिटही लागते. थकलेले ई-चलन आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट यांची चौकशी सौद्याआधीच करावी.

परवान्याबद्दल निश्चिंत राहा. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे की हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला 7,500 किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

सासवडचा बागायतदार

दोघांचेही मनापासून आभार. आज गाडी रॅम्पवर पाहिली. डाव्या मागच्या हँगरजवळ वेल्डिंग आहे आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा आहे. विक्रेता आता 4 लाख 20 हजारांवर आला आहे. पाटा काढून घेतला तर चालेल का?

घाटातला मिस्त्री

पाटा काढता येईल, पण वेल्डिंग काढता येणार नाही. त्याच जागी पुन्हा तडा गेला तर तो भरलेल्या गाडीत, घाटातच जाण्याची शक्यता जास्त. किंमत आणखी उतरली तरी ही गाडी घेऊ नका, दादा. मुलगा चालवणार आहे असे तुम्हीच लिहिले आहे. भाजीपाला किंवा दूध वाहणाऱ्या एकाच मालकाची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी शोधा. ती चाळीस-पन्नास हजारांनी महाग मिळाली तरी चालेल.