स्वतःच्या ओळखीवर काढलेल्या चित्रांतील प्रतीके किती समजावून सांगावीत?

खाजणकाठ (सीवूड्स, नवी मुंबई)

नमस्कार. माझे वय 24 आहे. चित्रकलेची पदवी घेतल्यानंतर गेली दोन वर्षे मी अ‍ॅक्रिलिकमध्ये एक चित्रमालिका करत आहे. आमचे घर गावठाणात आहे. पणजोबांची भातशेती आणि मिठागरातला वाटा सिडकोच्या भूसंपादनात गेला, आणि माझा जन्म झाला तोवर त्या जागी इमारती उभ्या होत्या. घरी आम्ही आगरी बोलतो. महाविद्यालयात मात्र मी ती बोली इतक्या कसोशीने लपवली, की पुढे आजीशी बोलतानाही माझे शब्द अडखळू लागले. ही अडखळच माझ्या चित्रांचा विषय आहे.

नऊ चित्रांत तीन प्रतीके पुन्हा पुन्हा येतात: मिठाची रास, भिंतीशिवाय उभी असलेली दाराची चौकट आणि ओठ शिवलेला माझा स्वतःचा चेहरा. एका कलादालनात चित्रे दाखवली, तेव्हा प्रत्येक चित्राशेजारी प्रतीकाचा अर्थ सांगणारी टीप लावावी, असे मला सुचवण्यात आले. आईने चित्रे पाहिली आणि आभाळ भरून आलेले असताना मीठ असे उघडे का ठेवले आहेस, एवढेच विचारले. तेव्हापासून मी दहाव्या चित्राला हात लावू शकलेली नाही. अर्थ किती सांगावा, आणि तेच प्रतीक पुन्हा वापरणे म्हणजे अडकून पडणे आहे का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

जलरंग (नौपाडा, ठाणे)

तुमच्या आईचा प्रश्न मला त्या टिपेच्या सूचनेपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. आईने मीठ प्रतीक म्हणून पाहिलेच नाही. तिने ते मीठ म्हणून पाहिले आणि ते वाया जाईल म्हणून तिचा जीव कळवळला. वस्तू आधी वस्तू म्हणून खरी उतरली पाहिजे, मगच तिला अर्थाचे ओझे पेलते, हे मी अनेक वर्षे चित्रकला शिकवताना पाहत आलो आहे. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतले घड्याळ किंवा पान आठवून पाहा. ती रोजच्या ओळखीची वस्तू असते, परंतु तिच्याभोवती ठेवलेल्या रिकाम्या जागेमुळे ती आपल्याशी वेगळेच काही बोलू लागते.

पुनरावृत्तीची भीती बाळगू नका. 1947 च्या दंगलीत तैयब मेहता यांनी मोहम्मद अली रोडवरील घराच्या खिडकीतून जमावाने एका माणसाला ठार मारताना पाहिले होते. पुढे कोसळणारी आकृती आणि पाय जखडलेला बैल ही त्यांची प्रतीके अनेक दशके टिकली. मात्र सुरुवातीच्या जाड रंगलेपातला बैल आणि नंतरच्या सपाट रंगक्षेत्रांतला बैल एकच नव्हे. प्रतीक तेच राहिले, रंगवणारा हात बदलत गेला. तुमच्या नवव्या चित्रातली रास पहिल्यासारखीच असेल, तर प्रश्न आहे. नसेल, तर पुढे जा.

शिवलेल्या ओठांविषयी स्पष्ट लिहितो. ती प्रतिमा भित्तिपत्रकांवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर इतकी येऊन गेली आहे, की ती तुमची राहत नाही. तुमचे ओठ शिवलेले नव्हते. तुम्ही बोलत होता, फक्त दुसऱ्या बोलीत. ते कसे दिसेल, याचा शोध अजून घ्यायचा आहे.

चौकट (वाशी)

प्रत्येक चित्राशेजारी टीप लावू नये, असे माझे मत आहे. प्रवेशाशी दहा-बारा ओळींचे निवेदन पुरते. फ्रीडा काहलोचे 1939 मधील ‘दोन फ्रीडा’ हे चित्र पाहताना एकीचा पोशाख युरोपीय आणि दुसरीचा मेक्सिकोतील तेहुआना स्त्रियांचा आहे, हे ठाऊक नसले तरी दोन उघड्या हृदयांना जोडणारी रक्तवाहिनी आणि ती चिमट्याने दाबून धरणारा हात पाहून आपण थबकतो. पोशाखांची माहिती नंतर मिळाली, की चित्र आणखी खोल जाते. आधी थबकणे आणि मग माहिती, हा क्रम टिपेमुळे उलटा होतो.

बांधावरून (उरण)

मीही आगरी आहे. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरोधात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले. त्या आठवणी ऐकतच मी वाढलो, त्यामुळे तुमची मिठाची रास मला कोणत्याही टिपेशिवाय कळेल. तरीही एक विनंती आहे. साऱ्या समाजाचा इतिहास त्या एका चौकटीत बसवण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका. तुमची अडखळ तुमची आहे आणि तेवढी पुरेशी आहे. आजी धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, गात असेल, तर तिच्याजवळ बसून ते ऐका. शब्द विसरला, की ती गाणी गाणारी धवलारीण काय करते, हे पाहण्यासारखे असते.

खाजणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘बोलत होता, फक्त दुसऱ्या बोलीत’ हे वाक्य वाचून मी बराच वेळ गप्प बसले. शिवलेल्या ओठांची तीन चित्रे मालिकेतून बाजूला काढली आहेत. पावसाआधी मिठाची रास गवताने कशी शाकारतात, हे काल आजीला विचारले. तिने हातांनी दाखवले, मध्येच थांबली, आणि मला न आठवणारा एक शब्द तिने दोनदा उच्चारला. दहाव्या चित्रात रास शाकारलेली असेल. गवताचा थर आज सकाळी सुरू केला आहे.