लकव्यानंतर वडील घरी आले, सगळं एकट्या आईवर पडलंय. तिचा भार कसा हलका करू?

केळीबाग_रावेर
वडील ६४ वर्षांचे, उजवी बाजू लुळी, बोलणं तुटक. दवाखान्यातून सुट्टी होऊन दीड महिना झाला, आता रावेर तालुक्यात गावी आहेत. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात, बाकी सगळं आई बघते. ती त्यांना बाजेवरून काखेत हात घालून ओढून उठवते. तिची कंबर धरलीय, वडिलांचा उजवा खांदाही दुखायला लागलाय. जेवताना त्यांना ठसका लागतो. रात्री दर दोन तासांनी आई कूस बदलायला उठते. आम्ही दोघं भाऊ बाहेरगावी. वहिनी शनिवार-रविवार जाऊ शकतात. बाई ठेवू म्हटलं तर आई नकोच म्हणते. सुरुवात कुठून करू?

तापीकाठ
काखेतून ओढणं आजच थांबवा. लुळ्या बाजूला खांदा धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात. ओढलं की दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकतं. आईची कंबर आणि बाबांचा खांदा, दोन्हींचं मूळ बहुधा या ओढण्यातच आहे. खांदा मात्र फिजिओला लगेच दाखवा.

बाज काढा. झोळ पडलेल्या बाजेत कुल्ले गुडघ्यांच्या खाली जातात, तिथून धडधाकट माणसालाही उठायला जोर लागतो. लाकडी पलंग आणि घट्ट गादी हवी. कडेला बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहिले पाहिजेत. पलंग बुटका असेल तर पायांखाली खाच पाडलेले ठोकळे द्या, नुसत्या विटा सरकतात.

आता उठवणं. खुर्ची त्यांच्या चांगल्या, म्हणजे डाव्या हाताला, पलंगाशी तिरकी लावा. चाकाची असेल तर दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. त्यांना पलंगाच्या कडेपर्यंत पुढे घ्या. पायांत मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आईने समोर उभं राहून आपल्या गुडघ्यांनी त्यांचा उजवा गुडघा अडवायचा, कारण तोच मध्ये दुमडतो. धरायचं ते कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला. त्यांनी आईच्या गळ्यात हात टाकायचा नाही, तिची मान जाते. मग "पुढे वाका" म्हणायचं. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की कुल्ले सुटायला लागतात. न वाकता उचलायला गेलात की सगळं वजन आईवर येतं. हे आधी फिजिओसमोर करून घ्या. त्यांचा डावा पायही वजन घेत नसेल तर ते एकटीचं काम नाही, दोन माणसं लागतात.

बसल्यावर उजवा हात उशीवर ठेवा, लोंबकळू देऊ नका.

घास_घोट
ठसक्याकडे दुर्लक्ष नको. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि काहींना ठसका न लागताही ते आत जातं. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या.

तोपर्यंत ताठ बसवून, अर्धा चमचा, डाव्या गालाकडून भरवा. गिळल्याचं दिसल्यावरच पुढचा घास. तोंडातला घास पाण्याने ढकलायचा नाही. जेवण झाल्यावर उजव्या गालात बोट फिरवून अडकलेलं काढा आणि अर्धा तास बसवून ठेवा. आवाज घुरघुरला की भरवणं थांबवायचं. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

पातळ पाणी सगळ्यात अवघड, ते घशात फार वेगाने उतरतं. त्याखालोखाल अवघड म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र: रश्श्यात शेव, पातळ वरणात मोकळा भात. कळण्याच्या भाकरीचा कोरडा चुरा घशात विखुरतो. घोटलेली एकजीव खिचडी, शेंगदाणे न घातलेलं मऊ भरीत, दह्यात कुस्करलेलं केळं बरं. ठसक्याच्या भीतीने पाणी कमी करणं मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फार महागात पडतं. पाणी किती दाट करायचं ते थेरपिस्टला विचारून ठरवा.

सातपुडा_परिचारिका
दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम सगळ्यांना सारखाच लागत नाही. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर पडून राहिल्याने जखम होण्याचा धोका आहे. कातडी चांगली असेल, गादी योग्य असेल आणि ते स्वतः थोडं वळत असतील, तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का हे डॉक्टरांना विचारा. आईला सलग चार तास झोप मिळाली तरी पुष्कळ फरक पडतो.

"बाई ठेवू का" या प्रश्नाला आईचं उत्तर "नको" असंच येणार. "सकाळी आंघोळीला आणि कपड्यांना एक जण येईल" असं एवढंच काम ठरवून सांगा. वहिनींनी एकदा तरी फिजिओच्या दिवशी यावं, नाहीतर शनिवारीही आईच उठवत बसेल. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतायत का, वेळ मिळूनही झोप लागत नाही का, ते विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर २४ तास मोफत बोलता येतं. अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज तुम्ही भाऊ ऑनलाइन करा, ते आईकडे नको.

केळीबाग_रावेर
सगळ्यांचे आभार. अजून एक. बाबा बोलताबोलता एकदम रडतात. आईला वाटतं, तिचंच काहीतरी चुकलं.

सातपुडा_परिचारिका
मेंदूला इजा झाली की रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो. बऱ्याचदा त्यामागे तेवढं दुःख नसतंही. आईला हे स्पष्ट सांगा, दादा. "का रडता" विचारायचं नाही. हात धरायचा, दोन मिनिटं थांबायचं, विषय बदलायचा. पण दिवसभर उदास असतील, जेवण-व्यायाम नको म्हणत असतील तर ते नैराश्य असू शकतं. दोन्हींवर औषध आहे, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. आणि बोलताना हो-नाहीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारा: "चहा हवा?" असं म्हणून कप दाखवायचा आणि उत्तराला वेळ द्यायचा.