मदत हवी आहे : पश्चिम मेक्सिकोतील बसलेल्या स्त्रीची मृण्मूर्ती, चाचणी करावी की नाही?

आम्ही ह्यूस्टनला राहतो. शेजारच्या वयोवृद्ध बाई वृद्धाश्रमात राहायला गेल्या तेव्हा त्यांनी घरातल्या बऱ्याच वस्तू वाटून टाकल्या आणि भाजक्या मातीची एक पोकळ मूर्ती आमच्याकडे आली. त्यांच्या यजमानांनी ती साठच्या दशकात मेक्सिकोतून आणली, एवढेच त्या सांगतात. पावती किंवा छायाचित्र काहीही नाही.

मूर्ती दीड वीत उंच आहे. पाय मुडपून बसलेल्या स्त्रीने एका हाताने खांद्याशी वाडगे धरले आहे, दंडांवर वळी आहेत, नाकात कडे आहे आणि कमरेच्या वस्त्रावर लाल-पांढरी नक्षी आहे. कानांच्या कडेने आपल्या बुगड्यांसारख्या ओळीने बाळ्या आहेत. त्या मातीच्या बारीक वळ्या करून चिकटवलेल्या असून, डाव्या कानाची एक निखळल्यामुळे तेथे न रंगवलेली माती दिसते.

हालिस्कोच्या मूर्तींचा लांबट चेहरा किंवा कोलिमाची घोटीव लाल झिलई येथे नाही. वेशभूषेवरून मला ही नायारितमधील इश्तलान देल रिओ शैली वाटते. या तिन्ही प्रदेशांत साधारण इ.स.पू. 300 ते इ.स. 300 या काळात उभा खोल खड्डा खणून तळाच्या दालनात मृतांसोबत अशा मूर्ती ठेवत. त्यांतली बहुतेक थडगी चोरांनी उपसली. हालिस्कोतील उइत्सिलापाचे थडगे 1993 साली न लुटलेले सापडले, हा अपवादच. परिणामी बहुसंख्य मूर्तींना शैलीखेरीज पुरावा नाही, आणि नकला करणाऱ्यांचे नेमके हेच फावते.

माझी शंका पाठीवरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल आहे. दीर्घकाळ पुरलेल्या मातीवर मँगनीजचे असे डाग पडतात, पण नक्कल करणारे तेच रंगाने उठवतात. निखळलेल्या बाळीच्या जागी एकही ठिपका नाही. म्हणजे ती अलीकडे तुटली, की ठिपकेच बनावट?

थर्मोल्युमिनेसन्स चाचणीने माती शेवटची कधी भाजली गेली याचा अंदाज मिळतो, परंतु त्यासाठी बारीक छिद्र पाडून पूड काढावी लागते. शिवाय जुने-नवे तुकडे सांधून मूर्ती घडवली असल्यास एका जागच्या नमुन्यावरून फक्त त्या तुकड्याचे वय कळणार.

विकण्याचा विचार मुळीच नाही. मेक्सिकोच्या 1972 च्या कायद्यानुसार पुरातत्त्वीय वस्तू ही राष्ट्राची मालमत्ता आहे, त्यामुळे अस्सल असल्यास येथील मेक्सिकन वकिलातीमार्फत ती परत करावी, असे आम्हा दोघांचे मत आहे. म्हणूनच माझा कल छिद्र न पाडण्याकडे आहे. तथापि अशा वस्तू हाताळलेल्या किंवा परत केलेल्या जाणकारांना विचारतो : वकिलातीकडे जाण्यापूर्वी स्वतः तपासणी करून घेणे अपेक्षित असते का, की छायाचित्रे, मापे आणि बाईंचे लेखी निवेदन पुरेसे होते? आणि तोवर वरची धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झाडली तर चालेल, की तिला हातच लावू नये?