‘ॲबोरिजिनल’ला मराठीत काय म्हणावं? आणि दिवस ‘साजरा’ की ‘पाळला’?

मेलबर्नहून प्रश्न

माझी मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे नेडॉक सप्ताह झाला, म्हणजे इथल्या ॲबोरिजिनल लोकांच्या आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासींच्या संस्कृतीचा सप्ताह. मूळ सप्ताह जुलैच्या पहिल्या रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत असतो, पण त्या सुमारास शाळांना सुट्टी असते, म्हणून बऱ्याच शाळा तो आधीच करतात. शाळेचं पत्रक ॲपवर येतं आणि बटण दाबलं की त्याचं मराठी होतं. सासूबाई सध्या इथे आहेत, त्या ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. या वेळी काळजीने मला म्हणाल्या, “अगं, पोरांसमोर धूम्रपान समारंभ कसला करतायत?” ‘स्मोकिंग सेरेमनी’चं ॲपने तसं मराठी केलं होतं.

कार्यक्रमाला त्यांना घेऊन गेले. मैदानात एका खोलगट लाकडी भांड्यात निखाऱ्यांवर हिरवी पानं टाकत होते. पांढरा दाट धूर निघाला, आणि मुलं एकेक करून त्यातून चालत गेली. लेकीने दोन्ही हातांनी धूर डोक्यावरून घेतला, आपण आरती घेतो तसा. सासूबाई लगेच म्हणाल्या, “ही तर धुरी.” बाळाला न्हाऊ घातल्यावर देतात ती. मला शब्द मिळाला.

बाकीचे मिळत नाहीयेत. आमच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या अंकात या कार्यक्रमावर अर्धं पान लिहायचं आहे, मुलं ते मोठ्याने वाचणार आहेत. ‘ॲबोरिजिनल’साठी आदिवासी लिहू की मूलनिवासी? ते लोक आपल्या भूमीला ‘कंट्री’ म्हणतात, त्याला ‘देश’ म्हटलं की अर्थच बदलतो. आणि धुरी देणाऱ्या वयस्क बाईंना सगळी शाळा, मुख्याध्यापकसुद्धा, ‘आन्टी’ म्हणत होती. तिथे काय लिहायचं?

डहाणूहून उत्तर

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आणि मी स्वतः वारली आहे, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो.

‘आदिम’ आणि ‘रानटी’ हे दोन्ही शब्द बादच करा. आदिम म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात मागे राहून गेलेला माणूस येतो. ‘वनवासी’ही नको. त्यात आम्ही कुठे राहतो एवढंच येतं, इथे आधीपासून आहोत हे येत नाही. संविधानसभेत जयपालसिंह मुंडा यांनी ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला होता. कायद्यात शेवटी ‘अनुसूचित जमाती’ आलं, पण लोकांनी आदिवासी हाच शब्द आपला मानला. ९ ऑगस्टला आमच्याकडे जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तो बॅनरवर असतो, आम्ही स्वतः लिहिलेला. ‘मूलनिवासी’ अर्थाने चुकीचा नाही, पण महाराष्ट्रात त्या शब्दामागे वेगळी चळवळ आहे. वाचणारा तिकडे जाईल, ऑस्ट्रेलियात पोचणार नाही.

तेव्हा ‘ऑस्ट्रेलियातले आदिवासी’ लिहा. पण एकदाच, ओळख करून देण्यापुरतं. त्यानंतर त्या जमातीचं नाव घ्या. मला कोणी नुसतं ‘आदिवासी’ म्हटलं तर राग येत नाही, पण वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांतला फरक ज्याला माहीत आहे, त्याच्याशी बोलणं वेगळं होतं. तिकडेही तसंच असणार.

दुसरं, मुलांनी तिथे चित्रं काढली का? इकडे पुण्या-मुंबईच्या शाळांत ‘वारली काढा’ म्हणून कागद वाटतात. मुलं आवडीने काढतात, ते चांगलंच आहे. पण लग्नघराच्या भिंतीवरचा चौक सुवासिनी लिहितात, त्यात पालघट देवी असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. आमच्यात चित्र ‘काढत’ नाहीत हो, ‘लिहितात’.

मेलबर्नहून

सर, ‘लिहितात’ वाचून अंगावर काटा आला. चित्रांचं सांगते. मला वाटलं होतं मुलं इथल्या आदिवासींसारखी ठिपक्याठिपक्यांची चित्रं करतील. वर्गाच्या बाईंनी ती करू दिली नाहीत. त्यांनी मुलांना पापुन्याची गोष्ट सांगितली. ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येला वाळवंटात पापुन्या नावाची वस्ती आहे. १९७१ साली तिथल्या शाळेच्या भिंतीवर जाणत्या पुरुषांनी मधाच्या मुंगीची कथा रंगवली. कला शिकवायला आलेले शिक्षक जेफ्री बार्डन यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं होतं. पुढे ती कथाचित्रं कॅनव्हासवर आली आणि जगभर गेली. प्रत्येक कथेला धनी असतो, कोणती खूण कोणी रंगवायची हे ठरलेलं असतं, म्हणून आपण नक्कल करायची नाही, असं बाईंनी सात वर्षांच्या मुलांना समजेल असं सांगितलं. मग मुलांनी शाळेच्या आवारात त्या आठवड्यात काय काय दिसलं ते काढलं. लेकीने मॅगपाय पक्षी काढला.

आणि हो, आमच्या भागातले लोक वुरुंजेरी. त्यांच्या भाषेतलं स्वागत ‘वोमिंजेका’, ते लेकीला तोंडपाठ आहे. इंग्रज आले तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या, त्यामुळे तुमचं ‘नाव घ्या’ इथे जास्तच लागू पडतं. टोरेस सामुद्रधुनीतले बेटवासी तर स्वतःला वेगळे मानतात, त्यांचा झेंडाही वेगळा. त्यांना मी बेटवासीच लिहीन.

मालवणहून उत्तर

‘कंट्री’साठी ‘मुलूख’ सुचवणार होतो, तेवढ्यात वाटलं की आमचा ‘गाव’ जास्त जवळचा आहे. महसुली गाव नव्हे. मुंबईत जन्मलेला माणूस “गावाक जातंय” म्हणतो तो गाव. त्यात ग्रामदैवत येतं, शिवेवरचा राखणदार येतो, देवराई, व्हाळ, पूर्वज, सगळं येतं. तो विकता येत नाही, आणि सोडून गेलं तरी आपण त्याचेच असतो. पण शहरातली मुलं ‘गाव’ वाचून खेडं समजतील, हा धोका आहे.

एक विचारतो. स्वागत कोणीही करतं का? आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान ठरलेल्या घराचा असतो. पाहुणा कितीही मोठा असला तरी देवासमोर तो गाऱ्हाणं घालत नाही.

मेलबर्नहून

दादा, तुम्ही नेमकं धरलंत. ‘वेलकम टू कंट्री’ फक्त त्या भूमीचे जाणते करू शकतात. तो त्यांचा मान. बाकीच्यांनी, म्हणजे मुख्याध्यापक असोत की दुसरीतली मुलं, फक्त उल्लेख करायचा की आम्ही वुरुंजेरींच्या भूमीवर जमलो आहोत. दर सोमवारी मुलं हे म्हणतात आणि म्हणताना जमिनीला हात लावतात. सासूबाईंना ‘समुद्रवसने देवि’ आठवलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं, पण मला दोन्हींत फरक दिसतो. आपण पृथ्वीची क्षमा मागतो. ही मुलं जमीन कोणाची आहे ते सांगतात. म्हणून ‘भूमिवंदन’ हा शब्द मी टाळतेय. ‘स्वागताचा मान’ मात्र नक्की घेते.

‘आन्टी’चं अजून अडलंय. मावशी म्हणावं तर मराठी मुलांच्या डोळ्यांसमोर शाळेतल्या झाडलोट करणाऱ्या मावशी येतील. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण अर्थ तो नाही. इथे हे नातं नाही आणि वयही नाही. समाजाने दिलेला मान आहे.

नागपूरहून उत्तर

‘आन्टी’ तसंच ठेवा, बाबासाहेब, सावित्रीमाई यांतलं साहेब-माई आपण जसं नावाचाच भाग मानतो तसं. ‘एल्डर’ला ‘जाणते’ चांगला आहे, तुम्ही वर सहज वापरलाच आहे. ‘वृद्ध’ नको.

शीर्षकातल्या साजरा-पाळला याचं काय झालं?

मेलबर्नहून

ते शेवटी ठेवलं होतं, कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २६ मे हा इथे ‘सॉरी डे’. सरकारी धोरणाने आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून नेली, त्यांची ही आठवण. तो साजरा होत नाही, दुखवटा पाळतात तसा पाळला जातो. नेडॉक मात्र साजरा होतो, आणि त्याचं मूळही दुखवट्यातच आहे. २६ जानेवारी १९३८ ला, इंग्रजांची वसाहत स्थापन झाल्याला दीडशे वर्षं झाली म्हणून सिडनी उत्सव करत असताना, आदिवासी नेत्यांनी ‘शोकदिन’ पाळला. पुढे दरवर्षी जानेवारीत तो पाळला जाऊ लागला. १९५५ साली तो जुलैमध्ये नेला, आणि निषेधाबरोबर आपली संस्कृती साजरी करणंही त्यात आलं. म्हणजे हा दिवस ‘पाळणे’पासून ‘साजरा करणे’पर्यंत चालत आला आहे. मराठीत हे दोन वेगळे धातू आहेत म्हणून मला ते दिसलं.

२६ जानेवारीचं अवघड आहे. मराठी शाळेत आमच्यासाठी तो प्रजासत्ताक दिन, बाहेर ऑस्ट्रेलिया डे, आणि कित्येक आदिवासींसाठी तो अजूनही शोकदिनच. पुढच्या वेळी झेंडावंदनाआधी मुलांना हे सांगायचं ठरवलं आहे.

अर्ध्या पानाची सुरुवात अशी केली आहे, चुका सांगा:

“आमच्या शाळेत नेडॉक सप्ताह साजरा झाला. ही भूमी वुरुंजेरी लोकांची. ते ऑस्ट्रेलियातले आदिवासी आहेत. स्वागताचा मान त्यांच्या जाणत्या आन्टींचा होता. त्यांनी हिरव्या पानांची धुरी दिली. आम्ही एकेक करून त्यातून गेलो. त्या म्हणाल्या, वोमिंजेका. आम्ही सगळे म्हणालो, वोमिंजेका.”

डहाणूहून

ताई, शेवटची ओळ तेवढी तपासा. स्वागत त्या करतात, मग मुलांनी उलट तोच शब्द म्हणायचा का?

मेलबर्नहून

लेकीला विचारलं. म्हणाली, “नाही गं, आम्ही नुसतं थँक्यू म्हटलं.” ओळ बदलते.