पूर आला तेव्हा हातात कोणती पिशवी होती? बडोदेकरांचे अनुभव

पावसाळा तोंडावर आलाय. ३१ जुलै २०१९ चा तो पाऊस कोणी विसरलेलं नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली. घाईत उचललेल्या पिशवीतलं नेमकं काय कामी आलं, ते सविस्तर लिहा. छापील यादी सगळ्यांकडे असते, अनुभव सांगा.

कारेलीबाग, तळमजला
पाणी रात्री आलं, तेही आधी बाथरूमच्या जाळीतून. लाइट गेलेली. आमचा नियम एकच: पिशवी एका हातानं उचलता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात पोर असतं नाहीतर जिन्याचा कठडा. म्हणून एक मोठी बॅग न भरता प्रत्येकाची वेगळी सॅक. कागदपत्रं जाड झिपच्या पिशवीत. त्यात गाडीचं आरसी बुक आणि विम्याची पॉलिसी होती, म्हणून नंतर क्लेम करताना धावपळ झाली नाही.

समा
सासूबाईंना इन्सुलिन. फ्रिज बंद पडला की पहिली काळजी तीच. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं आणि आत झिपच्या पिशवीत बाटली, वर ओलं फडकं. बर्फाला टेकवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरात असलेली बाटली थंड जागी साधारण चार आठवडे चालते, तरी तुमच्या औषधाचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. चिठ्ठीवर गोळ्यांच्या ब्रँडबरोबर आतल्या औषधाचं नावही लिहा. दुसऱ्या भागातल्या दुकानात तो ब्रँड मिळेलच असं नाही.

दांडिया बाजार
आमच्याकडे पाणी आलं नाही, माणसं आली. सगळ्यांचे मोबाइल बंद, नंबर कोणालाच पाठ नाहीत. आता प्रत्येक पिशवीत नंबरांचा कागद आहे.

फत्तेगंज
चहूकडे पाणी, पण मोटर बंद म्हणून नळ कोरडा. प्यायचं पाणी माणशी रोजचं ३ लिटर तरी धरा. ते पिशवीत मावत नाही, म्हणून झाकणाचे कॅन वरच्या मजल्यावर आधीच नेऊन ठेवतो. खायला खाखरे, सुखडी, शेंगदाणे: गॅस पेटवावा लागत नाही. मुलांसाठी ओआरएसच्या पुड्या असतातच. संपल्या तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, त्याच चमच्यानं सपाट अर्धा चमचा मीठ.

अकोटा
शिट्टी ठेवा! गच्चीवरून ओरडून घसा बसतो, शिट्टी लांबपर्यंत ऐकू जाते. होडीत सुटकेस घेत नाहीत, पाठीवरची सॅक घेतात. आणि पाण्यातून चालत सामान आणायला कोणाला पाठवू नका. उघडी गटारं दिसत नाहीत आणि नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरतात, हे आपण पाहिलंय.

मांजलपूर
आमच्याकडे पाडव्याला आणि दसऱ्याला सॅक उघडतात. टॉर्चचे सेल बाहेर वेगळे ठेवायचे, नाहीतर आतच पाझरतात. गोळ्यांच्या तारखा बघायच्या. मुलांचे कपडे दर वेळी बदलावे लागतात, मागच्या वर्षीची चड्डी यंदा चढत नाही.