जुन्या फोटोवरून संस्थापकांचं तैलचित्र: काय काय ठरवून घ्यावं?

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. शाळेच्या सभागृहात संस्थापकांचं तैलचित्र लावायचं ठरलंय. फोटो एकच आहे, १९२८ चा, पोस्टकार्डाएवढा, पिवळा पडलेला. पागोटं, उपरणं, बंद गळ्याचा कोट. जळगावचे एक चित्रकार ३० × ४० इंच सांगतात, दुसरे म्हणतात २४ × ३० पुरे. अनावरण २६ जानेवारीला. आकार, मुदत, पैसे कसे ठरवायचे? आणि काळ्या-पांढऱ्या फोटोतून रंग कुठून आणायचे?

सातपुडा_स्टुडिओ
आकार डोक्यावरून ठरतो. हनुवटीपासून टाळूपर्यंत माणसाचं डोकं साधारण ९ इंच भरतं. चित्रात ते साडेसात-आठ ठेवतात. खऱ्याहून मोठं झालं की भिंतीवर राक्षसी दिसतं. पागोट्यासकट छातीपर्यंत २४ × ३० मध्ये छान बसतं. ३० × ४० घेतलंत तर हात येणार. फोटोत हात नसतील तर तशाच बांध्याच्या माणसाला कोट घालून बसवावं लागतं, आणि उजेड फोटोत ज्या बाजूचा आहे त्याच बाजूचा लागतो. बरीच कामं इथेच फसतात: चेहऱ्यावर डावीकडच्या खिडकीचा उजेड आणि हातांवर मोबाइलचा फ्लॅश. मुंडकं वेगळं आणून चिकटवल्यासारखं दिसतं, मग चेहरा कितीही हुबेहूब असो.

आता रंग. त्या काळच्या बऱ्याच फिल्म आणि काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही. लाल पागोटं फोटोत काळं येतं, निळं फिकट पडतं, ओठ आणि त्वचा असायची त्याहून सावळी दिसते. म्हणून ‘फोटोत काळं आहे म्हणून काळं रंगवा’ असं सांगू नका. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पागोटं जपून ठेवलं असेल तर समोर ठेवा. दुसरी फसगत रिटचिंगची. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत. पन्नाशीच्या माणसाचं कपाळ गुळगुळीत दिसलं तर समजून जा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा आणि मूळ प्रतही दाखवा.

रंगशलाका
मुदतीबद्दल: काम ऑगस्टमध्ये द्या, दिवाळीनंतर नको. कच्चं रेखाटन, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) पहिला थर, त्यावर चेहऱ्याचे तीन-चार थर. प्रत्येक थर वाळायला आठवडा धरा. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा क्रम उलटला की वरचा थर आधी कडक होतो आणि तडे जातात. घाईत हेच होतं. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी. अनावरणापुरतं रिटच व्हार्निश (तात्पुरतं, पातळ व्हार्निश) चालतं.

चित्रकार निवडण्याआधी समितीने दोन-चार चांगली व्यक्तिचित्रं प्रत्यक्ष पाहावीत. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांची बालगंधर्वांची चित्रं आहेत. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे! त्यात एकाच दिव्याचा उजेड चेहऱ्यावर आणि बोटांवर कसा फिरलाय ते बघा. व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले पेस्तनजी बोमनजी आधी आपल्या शेजारच्या अजिंठ्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली भित्तिचित्रांच्या नकला करत होते. नक्कल करून हात तयार होतो, फक्त फोटो टिपून नाही.

वहीखाते
पैसे तीन हप्त्यांत. रेखाटन मंजूर झाल्यावर एक, चेहऱ्याचं साम्य पटल्यावर दुसरा, चित्र हातात आल्यावर तिसरा. मंजुरीचा अधिकार एकाच माणसाला द्या, शक्यतो घरच्याला. अकरा सभासदांना अकरा वेगवेगळी नाकं आठवतात. दुरुस्त्या किती वेळा, तेही कागदावर लिहा.

आणि हाताने रंगवलेलं आहे ना ते तपासा. कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून रंगाचे चार फटकारे मारलेलं काम सर्रास चालतं. भिंगातून उजळ भागात बघा: प्रिंट असेल तर बारीक ठिपके दिसतात.

तापीकाठ (चोपडा)
फोटोत हात नाहीत. म्हणजे २४ × ३० पक्कं. लावायचं कुठे? सभागृहाची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओलावते.

सातपुडा_स्टुडिओ
त्या भिंतीवर नको. दुसरीकडेही फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर मागच्या पाचरी (चौकटीच्या कोपऱ्यांतले, ताण वाढवणारे लाकडी तुकडे) लगेच ठोकू नका. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो पुन्हा ताणतो. पावसात घट्ट केलेला तेव्हा जास्त ताणतो आणि रंग तडकतो. कार्यक्रमाआधी चित्र अंधाऱ्या कपाटात ठेवू नका, जवसाचं तेल पिवळं पडतं.

शिपायाला एक सांगून ठेवा: जयंतीला हार फ्रेमच्या वर वेगळ्या खिळ्याला अडकवायचा, आणि गंध-कुंकू कॅनव्हासला लावायचं नाही. कुंकू ओल्या फडक्याने पुसायला गेलं की कपाळावर तांबडा डाग पसरतो. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर लावा.