फ्रा सोमदेत: अस्सल कसं ओळखायचं, घालायचं कसं, जपायचं कसं?

प्रश्न (मृगनयन):
बँकॉकच्या था फ्रा चान बाजारातलं एक पांढरट, उभं चौकोनी ताबीज आहे. उंची साधारण साडेतीन सेंमी. तीन थरांच्या आसनावर बुद्ध, वर घंटेसारखी कमान. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ते वात रखांगचं (वात म्हणजे मंदिर) जुनं फ्रा सोमदेत आहे. किंमत मात्र अगदीच किरकोळ होती. हे अस्सल असू शकेल का? नुसतं दोऱ्यात घातलं तर चालेल का? आणि नेमकं कशापासून रक्षण होतं असं मानतात?

जुनापुराणा:
किमतीवरूनच उत्तर मिळतं: नाही. ही ताबिजं घडवणारे भिक्षू 'सोमदेत तो' (१७८८–१८७२) यांच्या हातचं अस्सल ताबीज लाखो बातांना (बात हे थाई चलन) जातं, उत्तम नमुने कोटीत.

तरी भिंग घेऊन बघाच, दहा पटीचं पुरतं. मूळ मिश्रणात शिंपल्यांचा चुना मुख्य. त्यात पाटीवर यंत्रं, म्हणजे मंत्राच्या आकृत्या, लिहून पुन्हा पुन्हा पुसलेल्या खडूची भुकटी, भात, केळं, मध आणि चिकटपणासाठी तुंग तेल. असा लगदा वर्षानुवर्षं सुकत आकसतो. त्यामुळे बुद्धाच्या दंडाशी, आसनाच्या थरांशी पातळ फट दिसते, जणू आकृती पार्श्वभूमीपासून किंचित सुटली आहे. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टरच्या नकलेत ती फट नसते, कडा गुळगुळीत असतात. मागची बाजूही पाहा. अस्सल तुकडे पात्याने कापलेले असल्याने मागच्या कडांना खरवडल्यासारखे बारीक व्रण राहतात.

वात बांग खुन फ्रोमचं सोमदेत वेगळं, त्यात गल्लत नको. ती ताबिजं १८७० मध्ये घडवून स्तूपात ठेवली होती. १९५७ मध्ये स्तूप उघडला तेव्हा त्यांच्यावर मातीचुन्याचं कवच चढलेलं होतं. नकली माल असंच कवच चिकटवून विकतात, पण ते नखाने सुटतं.

सावली_उन्हाची:
अस्सल नसलं म्हणून फेकू नका. थाई श्रद्धेत जुनेपण आणि शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शक्ती येते ती प्लुक सेकमधून, म्हणजे भिक्षूंनी मंत्र म्हणून केलेल्या अभिमंत्रणातून. आजची मंदिरंही याच घडणीची ताबिजं काढून अभिमंत्रित करतात. तुमचं कोणत्या मंदिराचं, एवढं कळलं तरी पुष्कळ. बाजारात ताबीज 'विकत घेतलं' असं म्हणत नाहीत, 'चाओ' म्हणतात, म्हणजे भाड्याने घेतलं, कारण बुद्धाची मालकी कुणाची नसते.

रक्षणाचं म्हणाल तर प्रत्येकाचं क्षेत्र ठरलेलं. सोमदेत मुख्यतः मेत्ता, म्हणजे लोकांची माया मिळावी म्हणून. अपघात टळावा म्हणून लुआंग पू थुआत या भिक्षूचं ताबीज, म्हणून ते गाड्यांमध्ये इतकं दिसतं. शस्त्राची इजा होऊ नये म्हणून ताक्रुत, म्हणजे यंत्र कोरून गुंडाळलेला धातूचा पत्रा.

घालताना हात जोडून तीनदा 'नमो तस्स' हे बुद्धवंदन म्हणतात. ताबीज कमरेच्या वर हवं, पँटच्या खिशात अजिबात नाही. काढल्यावर डोक्यापेक्षा उंच जागी ठेवावं, पायथ्याशी नको. एकापेक्षा जास्त घातलीत तर संख्या विषम ठेवा, बुद्ध मध्यभागी, भिक्षूंची ताबिजं बाजूला. पलाद खिक हे लिंगाच्या आकाराचं ताबीज मात्र बुद्धाच्या साखळीत ओवू नये, ते कमरेला बांधतात.

काचपेटी:
नुसत्या दोऱ्यात नकोच. हे चुन्याचं आहे, घाम आत जिरतो, डाग पडतात, टोकं झिजतात. पाणीरोधक पारदर्शक डबी करून घ्या. चार-पाच दिवस सावलीत सुकवून मगच बंद करा. घाई केलीत तर आतली ओल काचेवर धुकं धरते आणि पुढे बुरशी येते. ऊन किंवा गरम हवेचा झोत देऊ नका, तडा जातो. डबी सैल असेल तर ताबीज खुळखुळून कडांची भुकटी होते, फार घट्ट असेल तर दाबाने चिरतं. मागे डिंक लावू देऊ नका. पाणी शिरतं का ते आधी रिकाम्या डबीत टिपकागद ठेवून, बुडवून तपासा. ब्रश, साबण, तेल काहीही लावू नका.

पुढेमागे 'बिया काए' हे कवडीचं ताबीज घेतलंत तर तेवढी काळजी घ्या: त्या कवडीत पारा भरून तोंड बंद केलेलं असतं. सील तडकलं असेल तर ते घालू नका, तापवू नका, पारा विषारी आहे.

मृगनयन:
डबी पाणीरोधक असली तर अंघोळीला काढायची गरज नाही ना?

काचपेटी:
काढाच. साबण आणि गरम पाण्याने डबीचा सांधा हळूहळू सुटतो.